तीन दुखणी, एक ऑस्टिओपॅथ

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत): लेखिका ४२ वर्षांच्या, मूळच्या सांगलीकडच्या, आता इंग्लंडमध्ये स्थायिक. काम घरून, दिवसभर लॅपटॉपसमोर. दीड वर्षापासून कंबर दुखते. मागच्या सुट्टीत पुण्यात एमआरआय काढला, रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगणं) आलं आणि घरच्यांनी ‘मणक्यात गॅप आलाय’ असं ठरवून टाकलं. तेव्हापासून त्या वाकायला आणि भरलेली बादली उचलायला घाबरतात. १४ वर्षांचा मुलगा क्लबकडून उजव्या हातानं वेगवान गोलंदाजी करतो. गेले सहा आठवडे त्याची पाठ खाली डाव्या बाजूला दुखते आहे. धाकट्या जावेचं बाळ अडीच महिन्यांचं आहे. ते रोज संध्याकाळी तासन्‌तास रडायचं. जावेनं त्याला ऑस्टिओपॅथकडे (हातानं दाबून, ताणून, सांधे हलवून दुखण्यांवर उपचार करणाऱ्याकडे) नेलं, डोक्यावर आणि पाठीवर हलका हात ठेवून चारदा उपचार झाले आणि रडणं कमी झालं. त्या ऑस्टिओपॅथनं लेखिकेलाही ‘कंबरेचं हाड एका बाजूला सरकलंय’ असं सांगितलं. आता जाऊ म्हणते, तुम्ही दोघंही या. तिथे कुटुंबासाठी दहा सत्रांचं पॅकेज आहे, आगाऊ पैसे भरले तर सवलत मिळते. यजमानांना हे सगळं थोतांड वाटतं. सासूबाई फोनवर म्हणतात, पोराला सुट्टीत इकडे आणा, हाडवैद्याला दाखवू. शेवटी त्या विचारतात: ‘ऑस्टिओपथी खरी की खोटी, एवढं एकदा सांगा, म्हणजे पैसे भरायचे की नाही ते ठरवता येईल.’

प्रिय ताई,

पॅकेजचे पैसे आत्ता भरू नका. कारण मात्र तुमचे यजमान म्हणतात ते नाही.

‘खरी की खोटी’ असं विचारलं की उत्तरही सगळ्यांसाठी एकच असेल असं आपण आधीच धरून चालतो. तुमच्या पत्रात तीन माणसं आहेत. बेचाळिशीतली कंबर, वाढीच्या वयातल्या गोलंदाजाची पाठ आणि तान्ह्या बाळाचं रडणं या तिघांत समान काय, तर त्या दवाखान्याचा पत्ता. दुखणं नेमकं काय आहे हे आधी विचारलं, तर तिघांचं उत्तर वेगळं येतं. मुलाबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण मी त्याच्यापासून सुरुवात करते. घाई त्याचीच आहे.

चौदा वर्षांचा, उजव्या हातानं वेगात चेंडू टाकणारा मुलगा आणि कंबरेच्या डाव्या बाजूला सहा आठवडे टिकलेलं दुखणं, हे वाचताच कुणाही क्रीडावैद्याच्या मनात पहिली शंका येईल ती मणक्याच्या हाडाला गेलेल्या बारीक चिरेची, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची. चेंडू सोडताना गोलंदाजाची पाठ मागे झुकते, एका बाजूला कलते आणि त्याच क्षणी पिरगळते. पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्यातून वर येतो. मणक्याच्या मागच्या भागात हाडाचा एक अरुंद पूल असतो, त्यावर हा ताण पुन्हा पुन्हा पडतो. या वयात ते हाड अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. म्हणून उजव्या हातानं टाकणाऱ्याला बऱ्याचदा डाव्या बाजूला चीर जाते आणि डाव्या हातानं टाकणाऱ्याला उजव्या. मागे वाकल्यावर किंवा दुखऱ्या बाजूच्या एका पायावर उभं राहून मागे झुकल्यावर नेमकं तिथेच दुखत असेल, तर शंका आणखी बळावते.

तुमच्या मुलाला हेच झालंय असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही. नुसता स्नायूही धरला असेल. पण तो फरक तपासणीनंतरच कळतो, आणि तो कळायच्या आधी कुणी पाठ पिरगळून ‘कडक’ आवाज काढावा हे मला मुळीच मान्य नाही. मालीश, शेक, हलका हात यांनी हाड लगेच मोडणार नाही. खरा धोका वेगळा आहे. दोन-तीन सत्रांनी थोडं बरं वाटतं, मुलगा पुन्हा मैदानात उतरतो आणि बारीक चीर मोठी होते.

तेव्हा आजपासून गोलंदाजी बंद. दुखत नसेल तर चालणं, पोहणं, शाळेत जाणं चालू ठेवा. त्याला अंथरुणात झोपवून ठेवायचं नाही. जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, वेळ घ्या. तिकडच्या अनेक जीपी दवाखान्यांत आता फिजिओथेरपिस्ट थेट भेटतो, तोही चालेल. तिथे ‘पाठ दुखते’ एवढंच सांगून थांबू नका. ‘वेगवान गोलंदाज आहे, सहा आठवडे एका बाजूला दुखतंय, स्ट्रेस फ्रॅक्चर नाही ना?’ असं स्पष्ट विचारा. सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे, खेळू दे’ एवढ्यावर समाधान मानू नका. निदान तेच निघालं तर काही महिने गोलंदाजी नाही, सोबत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पाठीचे आणि पोटाचे व्यायाम, आणि मग हळूहळू षटकं वाढवत परत. इंग्लंड अँड वेल्स क्रिकेट बोर्डानं वयानुसार एका दिवसात किती षटकं टाकावीत याचे निर्देश दिलेले आहेत. मुलगा शाळा, क्लब आणि मित्रांच्या सामन्यांत मिळून किती टाकतो याचा हिशेब कोणत्याही एका प्रशिक्षकाकडे नसतो. तो तुम्हाला ठेवावा लागेल.

चौदा वर्षांच्या मुलाला ‘थांब’ म्हणणं किती कठीण, हे मी समजू शकते. त्याला जसप्रीत बुमराहची गोष्ट सांगा. २०१९ मध्ये कंबरेच्या हाडाच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे तो थांबला, २०२२ चा टी-२० विश्वचषक पाठीमुळे हुकला, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या टी-२० विश्वचषकात तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. जगातला सर्वोत्तम गोलंदाज थांबू शकतो तर आपणही थांबू शकतो, हे त्या वयाला पटतं.

इतर पालकांसाठी इथेच एक गोष्ट सांगते. लहान मुलांची पाठदुखी मोठ्यांसारखी ‘होते आणि जाते’ असं धरून सोडून देऊ नये. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप, वजन घटणं, लंगडणं, पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, किंवा अगदी लहान वयात टिकून राहिलेली पाठदुखी दिसली तर आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. याउलट तीन ते बारा वर्षांच्या मुलांचे संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पाय दुखतात, सकाळी मूल उड्या मारत उठतं, लंगडत नाही, सूज नाही, तर ती बहुधा वाढीची दुखणी असतात. पाय चेपून द्या, कोमट शेक द्या, जवळ बसा. त्यासाठी सत्रं विकत घ्यायची गरज नाही. डोकेदुखीसाठी मुलाला कुणाच्या हाताखाली झोपवण्याआधी झोप, पाणी, जेवणाच्या वेळा आणि डोळ्यांचा नंबर बघा. ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांची डोळे तपासणी मोफत होते.

आता तुमच्या कंबरेकडे येते.

आधी तो रिपोर्ट. तुम्ही त्याला घाबरला आहात आणि तुमच्या दुखण्यातला बराच भाग या भीतीनं टिकवून ठेवला आहे असं मला तुमचं पत्र वाचून वाटतं. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाठीचं काहीही दुखणं नसलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. चाळिशीतल्या माणसांपैकी निम्म्यांच्या मणक्यात डिस्क बल्ज होता. विशीतल्यांमध्येसुद्धा सुमारे ३० टक्क्यांना होता. ही सगळी माणसं ठणठणीत होती, वाकत होती, ओझी उचलत होती. केस पांढरे होतात तशी मणक्यातली गादीही वयानुसार बदलते. ‘गॅप आलाय’, ‘गादी सरकली’ हे शब्द आपल्याकडे इतक्या सहज बोलले जातात की ऐकणाऱ्याला आपली पाठ आता काचेची झाली असं वाटू लागतं. ब्रिटनमध्ये आरोग्याचे निकष ठरवणारी ‘नाइस’ ही संस्था साध्या कंबरदुखीत सरसकट एमआरआय काढू नका असं सांगते, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरी समजूत हाड ‘जागेवर बसवण्याची’. जावेच्या ऑस्टिओपॅथनं तुम्हालाही ‘कंबरेचं हाड एका बाजूला सरकलंय’ असं सांगितलं, असं तुम्ही लिहिता. कंबरेचे सांधे जाड, चिवट अस्थिबंधांनी बांधलेले असतात आणि अगदी थोडेच हलतात. बसल्या-बसल्या ते निसटत नाहीत, आणि कुणी हातानं ढकलून त्यांना परत जागेवर बसवतही नाही. तो ‘कडक’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते म्हणून येतो. बोटं मोडताना येतो तोच. मग बरं का वाटतं? स्पर्शानं आणि ताणानं मज्जासंस्था वेदनेचा आवाज थोडा खाली आणते, आखडलेले स्नायू काही वेळ सैल पडतात, आणि कुणीतरी अर्धा-पाऊण तास शांतपणे तुमचं ऐकून घेतलेलं असतं. याला मी कमी लेखत नाही. दीड वर्ष दुखणाऱ्या बाईला तो अर्धा तास फार मोलाचा असतो. फक्त त्याला ‘दुरुस्ती’ समजलं की माणूस आयुष्यभर दुरुस्तीला जात राहतो.

आता पुरावा. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये कंबरदुखीच्या १,३३४ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. मणक्याचा हस्तोपचार आणि त्यानंतर व्यायाम, असं केलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा तीन महिन्यांनी बेताचा आणि वर्षभरानं थोडासा फायदा दिसला. तो हस्तोपचार ऑस्टिओपॅथ, कायरोप्रॅक्टर (मणका हातानं हलवून उपचार करणारे) आणि फिजिओथेरपिस्ट या तिघांनीही एकाच ठरलेल्या पद्धतीनं दिला होता. फ्रान्समध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या ऑस्टिओपॅथिक उपचारांची तुलना नुसता हलका हात ठेवण्याच्या नकली उपचारांशी केली. हालचालींतल्या अडचणींत फरक पडला, पण रोजच्या जगण्यात जाणवेल इतका नव्हता. वेदनेत फरक दिसला नाही. हे दोन्ही निष्कर्ष मला एकत्र ठेवावेसे वाटतात. ‘नाइस’चा २०१६ चा सल्लाही त्याच दिशेचा आहे: सोळा वर्षांवरच्यांच्या कंबरदुखीत हस्तोपचाराचा विचार करावा, पण व्यायामासोबतच. नुसता नाही.

म्हणून तुम्हाला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. एका सत्राला साधारण ५० पौंडांच्या आसपास पडतात, तेव्हा तीन किंवा चार सत्रांची मर्यादा आधीच ठरवा. त्या संध्याकाळी बरं वाटलं का, हा निकष ठेवू नका. ते बहुतेकांना वाटतं. तुमच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी निवडा. न उठता तासभर बसता येतं का? भरलेली बादली न घाबरता उचलता येते का? महिन्यानं त्यात फरक पडला नसेल तर थांबा. आणि पहिल्याच भेटीत विचारा, ‘मी घरी काय करायचं?’ उत्तर ‘काही नको, तुम्ही फक्त येत राहा’ असं आलं तर परत जाऊ नका. चांगला ऑस्टिओपॅथ तुम्हाला व्यायाम देतो, बसण्याच्या सवयींबद्दल बोलतो आणि शक्य तितक्या लवकर तुम्हाला मोकळं करतो. उपचारानंतर दिवस-दोन दिवस अंग दुखणं नेहमीचं आहे. मान झटक्यानं फिरवण्याला मात्र तुम्ही ‘नको’ म्हणू शकता आणि म्हणावं असं मला वाटतं. क्वचित का होईना, त्यात मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. तुमचं दुखणं तर कंबरेचं आहे.

पैसे न मोडता करण्यासारखंही पुष्कळ आहे. एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, फिजिओथेरपीसाठी बऱ्याच भागांत जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येतं. रांग असते, म्हणून नाव आजच घाला. तोवर चाला. ऑस्ट्रेलियात ७०१ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्या बऱ्या झालेल्यांना मार्गदर्शनासह हळूहळू चालणं वाढवायला लावलं, तर दुखणं परत यायला सरासरी २०८ दिवस लागले. काहीच न करणाऱ्यांना ११२. तुम्ही अजून बऱ्या झालेल्या नाही, त्यामुळे हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण चालण्यानं पाठ बिघडते ही भीती तरी सोडा. लॅपटॉपसमोरून दर अर्ध्या तासानं उठा. फोन आला की उभ्यानं बोला. बादली आधी पाव भरून उचला, मग अर्धी, मग पूर्ण. कंबरेचा पट्टा कपाटात ठेवून द्या.

एक इशारा सगळ्या मोठ्यांसाठी. दोन्ही पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, बसायच्या जागेला आणि जांघेत बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं यांतलं काहीही झालं तर कोणत्याही हस्तोपचाराचा विचार न करता तडक इमर्जन्सीत जायचं, रात्र असली तरी. पूर्वी कर्करोग झालेला असेल, ताप असेल, विनाकारण वजन उतरत असेल, पडल्यानंतर दुखू लागलं असेल किंवा हाडं ठिसूळ असतील, तर आधी डॉक्टर.

राहिलं बाळ. इथे मला जपून बोलायचं आहे, कारण तुमची जाऊ खोटं सांगत नाही. बाळ रडत होतं, तिनं नेलं, रडणं कमी झालं. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्रश्न फक्त मधल्या दुव्याचा. पोटशूळ म्हणून आपण ज्याला ओळखतो ते तान्ह्या बाळाचं रडणं पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतं, साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमाराला टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बहुतेकांचं आपोआप ओसरतं. आईवडील हतबल होऊन उपचार शोधू लागतात ते त्या टोकाच्या दिवसांत. त्यानंतर काहीही केलं तरी रडणं कमीच होणार असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. २०१२ मध्ये वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं बाळांच्या पोटशुळावरच्या हस्तोपचारांचे सहा अभ्यास तपासले, मिळून ३२५ बाळं. रडणं घटल्याचं दिसलं खरं. पण रडण्याची नोंद आईवडील ठेवत होते आणि बऱ्याच अभ्यासांत बाळावर उपचार झालेत हे त्यांना ठाऊक होतं. ज्यात ते ठाऊक नव्हतं तेवढेच अभ्यास पाहिले तर ठोस फरक उरला नाही. एनएचएसही पोटशुळासाठी डोक्यावरच्या या उपचारांचा फारसा पुरावा नाही असंच सांगतं. हेच ते पोटशुळाच्या थेंबांबद्दलही म्हणतं. (आपल्या घराघरातलं ग्राइप वॉटर मूळचं इंग्लंडमधलंच, १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं बनवलेलं. आपण ते इतकं आपलं केलंय की माहेरून मागवतो.)

डोक्यावर हात ठेवून करायची ही क्रॅनियल पद्धत विल्यम सदरलँड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. कवटीची हाडं एका लयीत सूक्ष्म हलतात आणि शिकलेल्या हातांना ती लय कळते, असं त्यामागचं म्हणणं. एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञांनी तपासलं तर दोघांना एकच लय जाणवते का, हे तपासून पाहिलं गेलं आहे. त्यांच्या नोंदी जुळत नाहीत. म्हणून मला ही पद्धत पटत नाही. हात खरोखर हलका असेल तर बाळाला इजा होण्याची शक्यता कमी, एवढं मात्र खरं. बाळाची मान किंवा पाठ झटक्यानं हलवणारं कुणीही, कोणत्याही पदवीचं असो, त्याच्या हातात बाळ देऊ नका.

आपल्या घरांतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तेलाचं हलकं मालीश, कोमट पाण्याची अंघोळ, मांडीवर पालथं घेऊन पाठ थोपटणं हे बाळाला आवडतं आणि आईबाळ दोघांना शांत करतं. पण डोकं गोल यावं म्हणून दाबणं, नाक वर ओढणं, हातपाय उलटसुलट खेचणं हे मालिशवाल्या मावशी कितीही अनुभवी असल्या तरी थांबवा. डोकं एका बाजूनं चपटं वाटत असेल तर जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर बाळाला पोटावर खेळू द्या. झोपताना मात्र पाठीवरच.

जावेला तुम्ही ‘तुझे पैसे वाया गेले’ असं सांगू नका. तिला त्या चार भेटींत जे मिळालं ते बहुधा दुसरंच काही होतं. थकलेल्या आईच्या हातून कुणीतरी बाळ घेतलं, तिचं ऐकलं, ‘तुझं काही चुकत नाहीये’ म्हटलं. परदेशात, सासर-माहेर दोन्ही हजारो मैल दूर असताना, हे फार थोड्या बायकांना मिळतं. ते तुम्ही देऊ शकता. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी बाळाला दीड तास सांभाळा आणि तिला झोपू द्या. रडणं असह्य झालं तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जाणं हा गुन्हा नाही, हे तिला आणि दिरांना दोघांनाही सांगा. बाळाला कधीही जोरात हलवायचं नाही. हेल्थ व्हिजिटरला (बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणाऱ्या नर्सला) सगळं मोकळेपणानं सांगा. आणि ताप ३८ अंशांवर गेला, हिरवी उलटी झाली, शौचात रक्त दिसलं, टाळू फुगली, बाळ दूध पिईना, मलूल पडलं किंवा रडण्याचा आवाज अचानक वेगळा, कर्कश झाला, तर तो पोटशूळ समजायचा नाही. लगेच दवाखाना.

तुमच्या यजमानांसाठी दोन शब्द. ‘थोतांड’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही. ऑस्टिओपथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल हे अमेरिकेतल्या सीमेवरच्या वस्तीत डॉक्टरकी करत होते. १८६४ मध्ये मेंदूज्वरानं त्यांची तीन मुलं गेली. पाऱ्याची औषधं देणाऱ्या त्या काळच्या वैद्यकावरचा त्यांचा विश्वास उडाला आणि पुढे, १८७४ मध्ये, त्यांनी आपली पद्धत मांडली. त्यांच्या उत्तराशी आपण सहमत नसलो तरी प्रश्न खरा होता. आज अमेरिकेत त्या परंपरेतले ‘डीओ’ हे औषधं देणारे, शस्त्रक्रिया करणारे पूर्ण डॉक्टर असतात, त्यामुळे न्यू जर्सीतल्या कुणा नातेवाइकानं ‘माझा डॉक्टर डीओ आहे’ म्हटलं तर त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही. ब्रिटनमध्ये १९९३ चा ऑस्टिओपॅथ कायदा आहे. चार-पाच वर्षांचं शिक्षण आणि जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणं तिथे गुन्हा आहे. नोंदणीमुळे माणूस शिकलेला आहे आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करायला जागा आहे, एवढी खात्री मिळते. त्याचा प्रत्येक उपचार प्रत्येक दुखण्यावर चालतो, अशी खात्री ती देत नाही. यजमान आणि जाऊ यांच्या भांडणाचं मूळ मला इथेच दिसतं.

भारतात ऑस्टिओपथीसाठी असा वेगळा कायदा नाही. पुण्या-मुंबईत ही पाटी लावणाऱ्याकडे जायचं असेल तर त्याची मूळ पदवी कोणती ते विचारा. फिजिओथेरपिस्ट असेल तर महाराष्ट्रात त्यांची नोंदणी करणारी परिषद आहे, तिथली नोंदणी दाखवायला सांगा. शनिवार-रविवारच्या कोर्सची प्रमाणपत्रं भिंतीवर कितीही असली तरी ती मूळ पदवीची जागा घेत नाहीत.

सासूबाईंना मुलाबद्दल सांगताना हाडवैद्याची निंदा करायची गरज नाही. ‘आई, हाडाला चीर आहे का ते इथे आधी बघतोय, तोवर कुणीही ओढायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय,’ एवढं पुरेल. त्यांना नातवाची काळजी आहे, आणि ‘चीर’ हा शब्द त्यांना लगेच कळेल.

पॅकेजवाल्या दवाखान्याला कळवा की एकेका सत्राचे पैसे देईन, आणि फक्त माझ्यासाठी. ते तयार नसतील तर कौन्सिलच्या संकेतस्थळावर तुमचा पोस्टकोड टाका. जवळच्या नोंदणीकृत ऑस्टिओपॅथची यादी मिळते. फोनवरच विचारा: कंबरदुखीसाठी साधारण किती भेटी लागतात, घरी करायचे व्यायाम देता का, आणि फरक पडला नाही तर जीपीला पत्र लिहिता का. या तिन्हींची सरळ उत्तरं जो देईल, त्याच्याकडे जा.